कालवांचा ट्रे: दाट भरावा की विरळ?

कालवं (ऑयस्टर) वाढवायला खाडीत रॅक, म्हणजे जाळीचे ट्रे ठेवायचा मांडव, उभारला की ट्रेचा खर्च डोळ्यांत भरतो आणि एकेका ट्रेत जास्त बीज (लहान कालवं) कोंबायचा मोह होतो. किती कोंबावं हे ठरवताना खाडीइतकंच गिऱ्हाईकही बघावं लागतं.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतीकोरिनच्या पद्धतीत २५ मिमीचं बीज ४०×४०×१० सेंमीच्या ट्रेत १५० ते २०० नग ठेवतात. ५० मिमी झाल्यावर तेवढीच कालवं ९०×६०×१५ सेंमीच्या ट्रेत हलवतात. नग तेच, जागा तिपटीहून जास्त.

ही हलवाहलव टाळून दाट ठेवलं तर ट्रे, दोर, मजुरी वाचते. पण कालव पाणी गाळून खातं. कडेची कालवं प्लवक (पाण्यातले तरंगते सूक्ष्म जीव) खाऊन टाकतात आणि मधल्यांना उरलंसुरलं मिळतं. शिंपा (कवच) लांबट, पातळ होतो, गर (आतलं मांस) भरत नाही, कालवं एकमेकांना चिकटतात आणि सुटी करताना कडा तुटतात. विष्ठा-गाळाने ट्रेची जाळी बुजते, प्रवाह आणखी मंदावतो. पावसाळ्यात गोडं पाणी आलं की कालव तोंड मिटून बसतं, खाणं थांबतं. अशात एक मेलं तर त्याच्या कुजण्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो.

विरळ ट्रेत कालव लवकर वाढतं, शिंपा रुंद आणि खोलगट होतो. मात्र ट्रे जास्त लागतात, घासायची जाळीही जास्त. उघड्या, लाटांच्या जागी सुटी कालवं गडगडून नव्या वाढीची कड मोडतात. तिथे अगदी मोजकी ठेवू नयेत.

फोडून नुसता गर विकायचा असेल तर शिंप्याच्या आकाराला किंमत नाही. थोडी दाटी चालेल, पण पैसे गराच्या वजनाचे आहेत हे विसरू नये. हॉटेलला शिंप्यासकट जिवंत माल द्यायचा असेल तर ५० मिमीनंतर विरळ करण्याला पर्याय नाही, तिथे काटकसर महागात पडते. बीजोत्पादनासाठी राखलेली कालवं सगळ्यांत विरळ ठेवा, कारण उपाशी कालवाची प्रजननग्रंथी भरत नाही.

दाटी झाली का, हे ओळखायला ट्रेच्या मधली १० आणि कडेची १० सारख्या लांबीची कालवं फोडून गर तोला. मधल्यांचा गर स्पष्ट कमी भरला तर नग कमी करा. तोलण्याआधी जाळी घासून दोन आठवडे जाऊ द्या. बुजलेल्या जाळीत विरळ कालवंही उपाशीच राहतात.