रेप्लिका किट: फिल्म चांगली, भरवसा बेताचा

वीजकेंद्रात लाखभर तास चाललेल्या हेडरचं (नळ्यांमधली वाफ गोळा करणारा जाड पाइप) किंवा मेन स्टीम पाइपचं उरलेलं आयुष्य काढायचं ठरलं की आधी बाहेर निघतं ते रेप्लिका किट. पाइप कापायचा नाही, पृष्ठभागाचा ठसा घ्यायचा आणि त्यात क्रीपच्या, म्हणजे उष्णता आणि ताणाखाली धातू हळूहळू ताणला गेल्याच्या, सूक्ष्म पोकळ्या शोधायच्या. ॲसिटेट फिल्म, ॲसिटोन, डायमंड पेस्ट, एचिंगचं (धातूची रचना उघडी करणारं) रसायन, काचपट्ट्या आणि छोटा ग्राइंडर, एवढंच सामान.

फिल्मबद्दल तक्रार नाही. ॲसिटोनने मऊ करून चिकटवली, पूर्ण सुकू दिली आणि न ताणता सोलली की ५०० पट मोठं करूनही चित्र स्वच्छ येतं. मात्र खाली हवेचे बुडबुडे अडकले, तर नवख्याला त्याच पोकळ्या वाटतात.

खरा घोळ फिल्म लावण्याआधी होतो. ऑक्साइड आणि त्याखालचा कार्बन गमावलेला थर काढायला साधारण अर्धा मिलिमीटर घासावं लागतं, म्हणून जाडी आधीच अल्ट्रासॉनिकने मोजून ठेवायची. मग १२० पासून १२०० ग्रिटपर्यंतचा घासपेपर, शेवटी ३ आणि १ मायक्रॉनची पेस्ट. एकदाच पॉलिश करून एच केलं तर पसरलेला धातू पोकळ्यांची तोंडं बुजवतो आणि अहवालात ‘नुकसान नाही’ छापून येतं. पॉलिश-एच ही जोडी निदान तीनदा व्हायला हवी. एचिंगला पी२२ साठी (कमी क्रोमियमचं पोलाद) नायटल, पी९१ साठी (जास्त क्रोमियमचं) विलेला हे रसायन. एचिंग जास्त झालं की कार्बाइडचे कठीण कण निखळतात. त्यांचे खड्डेही पोकळ्यांसारखेच दिसतात!

पी२२ साठी किट पैसे वसूल करून देतं. आधी सुट्या पोकळ्या, मग ग्रेन बाउंड्रीवर (धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमेवर) त्यांची रांग, मग सूक्ष्म तडे, शेवटी मोठी चीर, ही नॉयबाउअरची १९८३ ची प्रतवारी इथे नीट बसते.

पी९१ च्या वेल्डला मात्र गुण कापावे लागतात. टाइप फोर म्हणतात ते क्रीपचं नुकसान वेल्डशेजारच्या बारीक ग्रेनच्या पट्ट्यात, बहुतेकदा भिंतीच्या आत वाढतं. वरचा ठसा निर्मळ आणि आत चीर, असं सहज घडतं. तिथे हार्डनेस (ब्रिनेल मापात १९० एचबीच्या खाली आली की शंका घ्यावी) आणि भिंतीच्या आतलं दाखवणारं फेज्ड ॲरे अल्ट्रासॉनिक हवंच.

काही पुरवठादार सोबत उरलेल्या तासांचा आकडाही देतात. त्यात धातूचं तापमान कुठून घेतलं, ते आधी विचारा. लार्सन-मिलरमध्ये (तापमान आणि वेळ जोडून आयुष्य काढायचं सूत्र) स्थिरांक २० धरला, तर ५४० अंश सेल्सिअसला १ लाख तास टिकणारा भाग त्याच ताणाखाली ५५० अंशांना जेमतेम ५० हजार तास टिकतो. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) ट्यूबच्या आतल्या ऑक्साइडची जाडी मोजून काढलेलं तापमान कंट्रोल रूममधल्या वाफेच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचं.

किटमधली लेबलं फारच लहान आहेत. काचपट्टीवर वेल्ड क्रमांक, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे पाइपवरची जागा आणि वाफेची दिशा बसलीच पाहिजे. नाहीतर पुढच्या शटडाउनला तीच जागा सापडत नाही.