डिचोलीचं साप्ताहिक: क्रीडापानासाठी घ्यावं असं

संपादक कॉलेजात असताना १५०० मीटर धावायचे, हे क्रीडापान उघडताच कळतं. बांबोळीच्या मैदानावरच्या स्पर्धेची बातमी पहिल्या तीन नावांवर थांबत नाही. १५०० म्हणजे पावणेचार फेऱ्या. इथे प्रत्येक फेरीची वेळ वेगळी छापतात, म्हणून मुलगी तिसऱ्या फेरीत किती ढेपाळली ते प्रशिक्षकाला नेमकं दिसतं. १०० मीटरला स्टॉपवॉचवर ११.३२ सेकंद आले, तर नियमाप्रमाणे ११.४ लिहितात, ११.३ लिहिण्याची चूक फार जण करतात. रिलेत बॅटन ३० मीटरच्या पट्ट्याबाहेर दिला म्हणून संघ बाद, हेही एका ओळीत येतं. ग्रामसभेच्या बातम्या आटोपशीर. फोटो मात्र काळपट, शाई जास्त सुटते. क्रीडाशिक्षकांनी शाळेत हा पेपर लावाच.