एकशे एक टक्क्यांचा मेदुवडा: सोशल मीडिया रिपोर्टच्या टूलचा आठ महिन्यांचा अनुभव

मी क्लायंटची सोशल मीडिया अकाउंटं सांभाळते. त्यांचे महिन्याचे रिपोर्ट काढायला गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये एका रिपोर्टिंग टूलचा वर्षाचा प्लॅन घेतला. महिना ९९९ रुपये, एकरकमी ११,९८८. टूलचं नाव घेत नाही, कारण असली सगळीच टूलं एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. अकाउंट जोडा, तारीख निवडा, चार्टसकट पीडीएफ तयार. फीचर्सची यादी त्यांच्या साइटवर आहेच, ती इथे उगाळत नाही. पहिले तीन महिने मी खूश होते. पाच क्लायंटचे रिपोर्ट करायला पूर्वी महिनाअखेरचे दोन दिवस जायचे, ते दीड तासावर आले. तेव्हाच हे लिहिलं असतं तर साडेचार स्टार दिले असते.

मग येवल्याहून फोन आला. पैठणीचं दुकान असलेले माझे एक क्लायंट आहेत, साठीचे काका. मोबाइलवर रिपोर्ट वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून ते फाइलला लावतात. ‘मॅडम, तुमच्या त्या मेदुवड्याची बेरीज एकशे एक येतेय. आहेर पाठवलाय का?’

मेदुवडा म्हणजे डोनट चार्ट. फॉलोअर्स कुठल्या शहरातले, ते दाखवणारा. पुणे ३२, मुंबई ३०, नाशिक २७, छत्रपती संभाजीनगर ७, ठाणे ५. खरंच १०१. पूर्णांक करताना एखादा टक्का इकडेतिकडे होतो, ते ठीक. पण काकांचं पुढचं वाक्य ऐकून मला घाम फुटला. ‘पुण्यात एवढे लोक असतील तर प्रदर्शनात स्टॉल घेऊनच टाकतो.’

इन्स्टाग्रामचे मूळ आकडे उघडले. पुणे १४ टक्के. मुंबई १३, नाशिक १२, संभाजीनगर ३, ठाणे २. बेरीज ४४. उरलेले ५६ टक्के लोक बाकीच्या गावांतले, आणि टूलने त्यांना सरळ गायब केलं होतं. डोनट पूर्ण गोल दिसायला हवा ना, म्हणून पाच शहरांच्या ४४ लाच १०० मानून वाटे पाडले. साडेबारा हजार फॉलोअर्समध्ये पुण्याचे १,७५० होतात. काका चार हजार धरून चालले होते.

तिथून मी या डोनटच्या मागे लागले ते आजतागायत. घरचे म्हणतात, सोड आता. सोडणार नाही. गोल चार्टचं म्हणणं एकच असतं: हे सगळे तुकडे मिळून एक अख्खी वस्तू होते. ‘टॉप पाच शहरं’ ही अख्खी वस्तू नव्हेच. बरं, तेही चालवून घेतलं तरी ३२ आणि ३० मधला फरक त्या चकतीत डोळ्याला दिसतो का? डोळा लांबी बरी मोजतो, कोनात गंडतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून हे दाखवलं होतं. टूलवाल्यांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही. त्यात काकांची प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट. स्क्रीनवरचे पाच सुंदर रंग कागदावर उंदराच्या एकाच करड्या रंगात उतरले. कुठला तुकडा पुण्याचा, ते बाजूच्या करड्या चौकोनांवरून ओळखायचं!

सपोर्टला लिहिलं, शहरांसाठी साधा आडवा बार चार्ट द्या. चार दिवसांनी उत्तर आलं की सूचना टीमकडे पाठवली आहे, तोवर डोनटचे रंग बदलता येतील. रंग! पुन्हा लिहिलं. या वेळी कळलं की चार्टचा प्रकार बदलायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, दुप्पट किमतीला. चुकीचा चार्ट ९९९ ला, तो बदलायचा तर आणखी ९९९. रिफंड अर्थातच नाही.

मग गुगल शीट्स उघडलं, फुकटचं. टूलमधून सीएसव्ही, म्हणजे नुसत्या आकड्यांची फाइल, काढायची, मोठ्यापासून लहानापर्यंत लावायची, आडवा बार टाकायचा. आडवाच, कारण उभ्या खांबांखाली ‘छत्रपती संभाजीनगर’ मावत नाही, अक्षरं तिरकी होतात आणि वाचणाऱ्याची मान वाकडी. सर्वांत खाली ‘इतर ५६’ हा बार मुद्दाम वेगळ्या छटेत. प्रिंट करडी निघाली तरी हरकत नाही, आकडा बारच्या टोकालाच असतो. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, आता चार लागतात.

एक कबुली द्यायला हवी. रागाच्या भरात मी सगळ्याच चार्टचे अक्ष शून्यापासून सुरू केले. टूलमध्ये फॉलोअर्सचा अक्ष १२,४६० पासून होता. आकडा १२,५४० वरून १२,४७० वर आला की रेघ थेट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसायची, आणि फक्त सत्तर माणसं गेलेली असताना क्लायंटचे फोन यायचे. शून्यापासून काढल्यावर ती रेघ इतकी सपाट झाली, की महिन्यात काही घडलंच नाही असं वाटावं. आता मत बदललंय. बारला शून्य हवंच, कारण तिथे लांबी म्हणजेच आकडा. रेघेला सक्ती नाही, पण किती कमी-जास्त झालं ते शेजारी शब्दांत लिहायचं. मी ‘७० कमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास’ असं लिहिते. फोन थांबले.

टूलची आणखी एक खोड सांगते. रील, पोस्ट आणि स्टोरी यांचा रीच एकमेकांवर रचून ते उंच खांब काढतं. दिसतं झकास. पण रीच म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंटनी पाहिलं. सकाळी स्टोरी आणि रात्री रील पाहणारी एकच बाई त्या खांबात दोनदा मोजली जाते. रोजच्या रीचची बेरीज करून महिन्याचा रीच काढणं हीच चूक. रचायचंच तर लाइक, कमेंट, सेव्ह रचा, त्यांची बेरीज होते. डावीकडे एक मोजपट्टी आणि उजवीकडे दुसरी, अशा दोन अक्षांच्या चार्टबद्दल थोडक्यातच सांगते. फॉलोअर्स आणि एंगेजमेंट रेट (लाइक, कमेंट वगैरे प्रतिसादाचं प्रमाण) यांच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे काय घडलं, असं एका क्लायंटने विचारलं होतं. काहीच नाही, दोन पट्ट्यांचे मापदंड तसे लागले, इतकंच.

सुखद धक्काही एक बसला, तोही शीट्सकडूनच. सात वार आणि चोवीस तास, असे १६८ चौकोन. त्यात कोणत्या वेळेला किती फॉलोअर्स ऑनलाइन असतात ते आकडे टाकले आणि कंडिशनल फॉरमॅटिंगची एक रंगपट्टी लावली, म्हणजे आकडा जितका मोठा तितका चौकोन गडद. काकांच्या अकाउंटला दुपारी दोन ते चार गडद पट्टा उमटला. ते म्हणाले, ‘बायकांची जेवणं आवरतात तेव्हा.’ आम्ही इतके महिने रात्री नऊला पोस्ट टाकत होतो.

दोन आठवड्यांनी भर: डोनटवर थोडा अन्याय झाला. टूलमध्ये ‘आधीचे फॉलोअर्स किती, नवखे किती’ हे रीलच्या रीचचं डोनट आहे. दोनच तुकडे, बेरीज खरोखर शंभर, आणि तीन-चतुर्थांश नवखे हे काकांना कागदावरसुद्धा क्षणात दिसलं. ते मी रिपोर्टमध्ये ठेवलंय. पैसे भरलेत तर काहीतरी वापरलंच पाहिजे.

काकांनी पुण्याचा स्टॉल तूर्त रद्द केला. नव्या रिपोर्टवर त्यांनी ‘इतर ५६’ च्या बारला बॉलपेनने गोल केला आणि फोटो पाठवला: ‘मॅडम, हे कोण लोक?’ आता जितकी सापडतील तितक्या गावांची यादी काढायला बसलेय.

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा त्या दोन तुकड्यांच्या डोनटचा. ऑटो-रिन्यूअल आजच बंद केलं. ते बटण सापडायला अठरा मिनिटं लागली.