मिमिक-३ की पिक? बालरुग्णांच्या नोंदींवर काम सुरू करण्यापूर्वी

लहान मुलांच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींवर मशीन लर्निंगचा (संगणकाला नोंदींवरून शिकवण्याच्या तंत्राचा) प्रबंध करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावरचे दोन विनामूल्य डेटासंच प्रथम येतात: बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचा मिमिक-३ आणि चीनमधील हांगचौ येथे असलेल्या झेजियांग विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचा पिक. दोन्हींसाठी संशोधननीतीचे प्रशिक्षण पूर्ण करून वापराच्या करारावर सही करावी लागते.

निवड ठरते ती वयावर. मिमिक-३मध्ये २००१ ते २००८ या काळात दाखल झालेली ७,८७० नवजात बाळे आहेत आणि त्यांच्यापुढे थेट १६ वर्षांवरील रुग्ण येतात. मधले सगळे बालपण तिथे नाहीच. दोन वर्षांच्या मुलाच्या जंतुदोषाविषयी प्रश्न असेल, तर हा संच कितीही प्रसिद्ध असला तरी निरुपयोगी आहे. पिकमध्ये २०१० ते २०१८ दरम्यान अतिदक्षता विभागांत राहिलेले, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतचे १२,८८१ रुग्ण आहेत. मात्र हीच व्याप्ती जोखमीचीही आहे. मिनिटाला १४० ठोके नवजात बाळासाठी स्वाभाविक असतात, तर शांत पडून असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी तीच चिंतेची बाब ठरते. म्हणून प्रत्येक मोजमाप वयानुसार प्रमाणित केल्याशिवाय, म्हणजे त्या वयाच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडून मांडल्याशिवाय, मॉडेलला (नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला) देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकूण अचूकता चांगली दिसत असतानाही एखाद्या वयोगटात मॉडेल सपशेल चुकत असू शकते, आणि त्या वयोगटाची अचूकता वेगळी काढल्याशिवाय हे कळत नाही.

प्रश्न नवजात बाळांपुरताच असेल, तर मी मिमिक-३ सुचवेन. त्यात डॉक्टर आणि परिचारिकांनी लिहिलेला मूळ मजकूर उपलब्ध आहे, आणि बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले ही कळीची माहिती बहुतेकदा त्या मजकुरातूनच शोधावी लागते. पिकमध्ये असा सलग मजकूर नाही. मूळ मजकुरातून काढलेली लक्षणे आणि तपासण्यांचे अहवाल तेवढे आहेत. नोंदींची नावे चिनीबरोबर इंग्रजीतही दिलेली असल्याने भाषेची अडचण फारशी येत नाही.

एका संचावर शिकवलेले मॉडेल दुसऱ्यावर तपासायचे असेल, तर ते मुख्यतः नवजात बाळांच्या बाबतीत शक्य आहे. तेव्हाही मिमिक-३मधील निदाने आयसीडी-९ (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची नववी आवृत्ती) संकेतांत आणि पिकमधील आयसीडी-१० संकेतांत असल्याने, त्यांची जुळणी बालरोगतज्ज्ञाला सोबत घेऊनच करावी.