कॉर्ग मिनिलॉगवर ब्रास आणि स्ट्रिंग्ज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. 2016 साली आलेल्या या चार व्हॉइसच्या (म्हणजे एका वेळी चारच सूर वाजणाऱ्या) अ‍ॅनालॉग सिंथसायझरवर ऐंशीच्या दशकातला ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा आवाज) झकास निघतो. स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज) मात्र बाहेरचा कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) जोडल्याशिवाय उभ्या राहत नाहीत. दुकानात फॅक्टरी प्रोग्रॅम वाजवून यातलं काहीच कळत नाही, म्हणून सेटिंगसकट लिहितो.

ब्रासचं मर्म फिल्टरमध्ये आहे, म्हणजे सुराची चकाकी कापणाऱ्या भागात. साठच्या दशकात बेल लॅब्जमध्ये जाँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचे सूर कॉम्प्युटरवर तपासले, तेव्हा दिसलं की फुंकर वाढली की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराचे उपसूर) वाढतात आणि सूर सुरू होताना ते खालच्यांपेक्षा उशिरा येतात. वरातीतल्या बँडजवळ उभं राहिलं तरी हेच ऐकू येतं. आवाज आधी येतो, चकाकी किंचित मागून. म्हणून अ‍ॅम्पचा (आवाजाच्या पातळीचा) अटॅक, म्हणजे चढायला लागणारा वेळ, जवळपास शून्य ठेवायचा आणि उघडायचं काम फिल्टरच्या एन्व्हलपकडे (वेळेनुसार चढउतार ठरवणाऱ्या भागाकडे, म्हणजेच ईजीकडे) द्यायचं. बहुतेक जण अ‍ॅम्पचा अटॅक वाढवतात आणि मग ब्रासऐवजी हार्मोनियमचा भाता ऐकू येतो.

दोन्ही व्हीसीओ (मूळ सूर काढणारे ऑसिलेटर) सॉ लहरीवर, सप्तक 8 फूट, शेप (लहरीचा आकार) शून्यावर, दोन्हींची लेव्हल सत्तर टक्क्यांच्या आसपास. पूर्ण दिली तर फिल्टरमध्ये खरखर वाढते. फिल्टर 4-पोल (जास्त तीव्र कापणारा), कारण 2-पोलवर ब्रास माशीसारखा भुणभुणतो. रेझोनन्स (कापण्याच्या जागेवरचा उठाव) जवळजवळ शून्य. कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) 1023 पैकी 300 च्या आगेमागे, ईजी इंट (एन्व्हलपचा फिल्टरवरचा जोर) साधारण +45 टक्के. ईजीचा अटॅक कानाला 60 मिलिसेकंद वाटेल एवढा, डिके (उतरायचा वेळ) अर्धा सेकंद, सस्टेन (सूर धरल्यावरची पातळी) 60 टक्के, रिलीज (सोडल्यावरचं शेपूट) थोडा. अ‍ॅम्पचा सस्टेन पूर्ण. फिल्टरची व्हेलॉसिटी (बोटाच्या जोराचा परिणाम) 100 टक्क्यांवर आणि की-ट्रॅक (वरच्या पट्ट्यांना फिल्टर जास्त उघडणं) 50 वर टाका. जोरात दाबलं की सूर फाटला पाहिजे, हलक्या बोटाला तो फ्रेंच हॉर्नसारखा गोल राहिला पाहिजे.

आता खाचखळगा. ओठांनी सूर पकडताना होणारी किंचित घसर आणायला व्हीसीओ 2 चा पिच ईजी इंट सगळे वापरतात. पण हा ईजी फिल्टरचाच आहे, वेगळा नाही. सस्टेन 60 टक्के असेल तर पिचही 60 टक्के वरच अडकतो आणि लांब सूर बेसूर लागतो. इंट +20 सेंट (100 सेंट म्हणजे एक अर्धसूर) दिलात तर सूर साधारण 12 सेंट वर थांबतो. म्हणून व्हीसीओ 2 आधीच 6 सेंट खाली ट्यून करा. सुरुवात −6 वर, टोक +14 वर, मुक्काम +6 वर. तेवढं डीट्यून ब्रासला हवंच असतं. इतके बारीक आकडे त्या नॉबवर पकडायला जीव मेटाकुटीला येतो, स्क्रीनवर डोळा ठेवूनच फिरवा.

किबोर्डला आफ्टरटच (दाबलेल्या पट्टीवर आणखी जोर देऊन आवाज बदलणं) नाही, त्यामुळे सूर धरून फुगवायचा तर डावीकडच्या स्लायडरला कटऑफ जोडावा लागतो. त्यात पिच बेंड (सूर वाकवण्याची सोय) जातो, आणि स्प्रिंग असल्यामुळे बोट काढलं की स्लायडर मधोमध परततो. ब्रास वाजवणाऱ्याने हा सौदा करावा.

स्ट्रिंग्ज. इथे हवा घोळका आणि यंत्रात चारच माणसं. चार सुरांच्या कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर गेलं की मागच्या सुरांचं शेपूट कापलं जातं. उपाय म्हणजे तीनच सूर धरा, रिलीज अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा आणि शेपटाचं काम डिलेवर (प्रतिध्वनीच्या इफेक्टवर) सोपवा. डिलेला मिक्सचा, म्हणजे तो किती मिसळायचा याचा, नॉब नाही (हे मला आजही पटलेलं नाही), म्हणून त्याचा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) वर चढवून आणि फीडबॅक कमी ठेवून तो पातळ करावा लागतो. बाकी मांडणी अशी: फिल्टर 2-पोल, कटऑफ साठ टक्के, ईजी इंट दहाच्या आत, अ‍ॅम्पचा अटॅक 300 मिलिसेकंद, व्हीसीओ 2 एक सप्तक वर आणि अर्ध्या लेव्हलला.

कोरस नसेल तर व्हीसीओ 1 पल्स लहरीवर टाकून एलएफओने (सेटिंग आपोआप मागेपुढे हलवणाऱ्या मंद लहरीने) शेप सावकाश हलवा. बरं वाटतं, पण ते स्ट्रिंग मशीन नव्हे. 1974 च्या सोलिना या स्ट्रिंग मशीनचा आवाज तिच्या कोरसमधून येतो: तीन डिले लाइन्स आणि त्यांना हलवणारे दोन वेग, एक साधारण 0.6 हर्ट्झ, दुसरा 6 हर्ट्झ. मिनिलॉगचं आउटपुट मोनो आणि एलएफओ एकच. म्हणून स्टिरिओ कोरस पेडल 0.6 हर्ट्झच्या आसपास लावायचं आणि एलएफओ पिचवर नेऊन 6 हर्ट्झला, जेमतेम जाणवेल इतका ठेवायचा. एलएफओचं व्हॉइस सिंक बंद करा, नाहीतर सगळे व्हायोलिनवाले एकाच लयीत डोलतात. एवढं केल्यावर या पॅडवर (लांब धरलेल्या सुरांच्या थरावर) गायक निवांत गाऊ शकतो. डाव्या हाताचे खालचे सूर टाळा. तळ गढूळ होतो.

शेवटी नागपूरचा उन्हाळा. व्हीसीओचा सूर तापमानाबरोबर सरकतो, कारण पिचचं व्होल्टेज ज्या ट्रान्झिस्टरमधून जातं त्याची वागणूकच उष्णतेने बदलते. पारा 45 ला गेला की चालू करून वीस मिनिटं थांबा आणि मग ऑटो ट्यूनिंग चालवा. +6 सेंटचं डीट्यून दहा झालं तर ब्रासचा कारखान्याचा भोंगा व्हायला वेळ लागत नाही. नवतप्यात (उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) मांडवात वाजवायचं असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग परत करावं. कुलरचा झोत थेट पॅनेलवर घेऊ नका, एक तर सूर हलतो आणि दमट वाऱ्याबरोबर आलेली धूळ नॉबच्या बुडाशी जाऊन बसते.