हाताने घडवलेले चांदीचे पाच दागिने: अकरा महिन्यांत कोणता किती वेळा अंगावर चढला

दागिन्यांवर लिहिणारे बहुतेक जण डबी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहितात. गळ्यात घातल्याचा फोटो, खाली ‘अप्रतिम, नक्की घ्या’. पहिल्या दिवशी तर सगळंच अप्रतिम असतं. म्हणून मी मुद्दाम थांबले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात त्या दिवशी घातलेल्या प्रत्येक दागिन्याचं एक अक्षर लिहीत गेले: ठु, कु, गो, बो, न. गळ्यालगतची ठुशी, कानातल्या कुड्या, हातातला गोठ, गळ्यातली बोरमाळ, नथ. अकरा महिन्यांची बेरीज परवा केली. कुड्या २१४ दिवस, गोठ ९७, ठुशी ३१, बोरमाळ ११, नथ २.

खरेदीच्या वेळी माझ्या आवडीचा क्रम बरोबर उलटा होता.

घेतले कुठे, ते आधी सांगते. आत्याकडे लग्नाला कोल्हापूरला गेले होते. लग्नानंतरचा एक मोकळा दिवस हातात होता, म्हणून महाद्वार रोडजवळच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत शिरले. खरं म्हणजे मनात कोल्हापुरी साज होता, पानापानांचा गळ्यातला हार. पण साजाचा पसारा मोठा: दहा अवतारांची दहा पानं, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूचं एकेक आणि एक डोरलं, अशी एकवीस पानं मोजून दाखवतात. ते सगळं माझ्या सुती कुर्त्यावर कसं दिसेल याची कल्पना मलाही करवेना. मग त्याच गल्लीतल्या एका जिन्यावरच्या खोलीत, दोन माणसं बसून काम करतात अशा ठिकाणी, या पाच वस्तू ठरल्या. तिथल्या वयस्कर कारागिरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “ताई, हे रोज घालून जाणार कुठं?”

“ऑफिसला. लोकलनं.”

“मग ठुशी कशाला घेताय? कुड्या बघा की.”

मला वाटलं, यांना विकायचं नाहीये की काय. मी ठुशीच पुढे ओढली. कुड्या घेतल्या त्या केवळ त्यांनी समोर ठेवल्याच होत्या म्हणून.

तर ठुशी. बारीक मणी एकमेकांना घट्ट गुंफलेले, मध्ये लाल खडा, मागे लाल गोंड्याची दोरी. वजन ३२ ग्रॅम. दुकानातल्या आरशात मी साडीत होते, ब्लाउजचा गळा मोठा होता, त्यामुळे ती जशी दिसायला हवी तशी दिसली. ठाण्याला परत आल्यावर मी पुन्हा बंद गळ्याच्या कुर्त्यात. ठुशी येऊन बसते ती बरोब्बर त्या पट्टीवर, आणि तिच्यावरून ऑफिसच्या ओळखपत्राची फीत. पहिल्या पाच महिन्यांत ‘ठु’ फक्त सहा वेळा आहे, त्यातले चार दिवस सणाचे. फोनवर आत्याला रडगाणं ऐकवलं, तर ती म्हणाली, “अगं, गळा भरलेला दिसावा म्हणून ठुशी घालतात. तुझा मुळात भरलेलाच आहे.” आत्या अशीच बोलते, आणि बऱ्याचदा बरोबर बोलते.

माझी मान आखूड आहे. गळ्यालगतचा दागिना आखूड मानेला आणखी आखूड करतो, हे मला चाळिशीत कळलं. उपाय मात्र फार सोपा निघाला. दादरला एका गल्लीच्या तोंडाशी पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणारे, बसतात. त्यांच्याकडून दोरी दोन इंच वाढवून ठुशी पुन्हा गाठवून घेतली. दीडशे रुपये. आता ती गळ्याच्या खळगीखाली उतरते. खणाच्या पसरट गळ्याच्या ब्लाउजवर तर छान दिसतेच, पण पांढऱ्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून आत घातली की त्याहून छान दिसते. बाकीचे पंचवीस ‘ठु’ त्यानंतरचे आहेत. दागिना आवडूनही घातला जात नसेल, तर विकण्याआधी एकदा पटवेकऱ्याकडे जाऊन या. गोंड्याची दोरी असते ती कमीजास्त करण्यासाठीच. मी मात्र पाच महिने तिला नुसती शोभा समजत होते.

कुड्यांबद्दल लिहायला खरं तर कमीच आहे, कारण त्यांनी काही त्रासच दिला नाही. मधला धरून सात मोती, चांदीच्या तारेने बांधलेले, मागे मळसूत्राची फिरकी. चांदी जेमतेम पाच ग्रॅम. दिलेले पैसे मोत्यांचे आणि हाताचे. पहिला आठवडा कान दुखले, कारण हाताने केलेली दांडी यंत्राच्या दांडीपेक्षा जाड होती आणि माझी भोकं बारीक. मग विसरलेच. कुर्ता, साडी, शर्ट, एकदा तर पावसाळी जाकीट. हेडफोन लावला तरी टोचत नाहीत. माझा चेहरा गोल, कुड्याही गोल, तेव्हा मासिकांतल्या नियमानुसार मी लांब लोंबते डूल घालायला हवेत. पण लोंबते डूल लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी ओढणीत अडकतात, आणि असा कान ओढला गेला की चेहऱ्याचा आकार कुणाला आठवत नाही.

मोत्यांचं एक पथ्य पाळलं. मोती म्हणजे मुळात चुन्याच्या जातीचा पदार्थ. आंबट, घाम, अत्तर, केसांचा फवारा यातलं काहीच त्याला मानवत नाही. त्यामुळे तयार होताना कुड्या सगळ्यात शेवटी घालायच्या, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायच्या आणि मऊ कापडाने पुसून ठेवायच्या. अकरा महिन्यांनंतरही चकाकी तीच आहे. फिरकी मात्र एकदा हरवली. तुमच्या कुड्यांनाही फिरक्या असतील, तर जास्तीची एक जोडी त्याच कारागिराकडून घेऊन ठेवा. हाताने पाडलेले आटे दुसऱ्याच्या फिरकीत बसतीलच असं नाही. मला ती कुरिअरने मागवावी लागली आणि फिरकीपेक्षा टपाल महाग पडलं.

गोठाचं प्रकरण मोठं आहे. ४२ ग्रॅम, भरीव, वर वेलबुट्टी आणि वेलीच्या खोबणीत मुद्दाम धरलेला काळा रंग, म्हणजे ज्याला सगळे ऑक्सिडाइज्ड म्हणतात तो. या पाचांत मला सगळ्यात शोभणारा दागिना हाच, असं मी आजही म्हणेन. माझी मनगटं रुंद आहेत, नाजूक ब्रेसलेट त्यांवर दोऱ्यासारखं दिसतं. पण मी तो उजव्या हातात घालत होते आणि माझं काम दिवसभर माउस धरायचं. टेबलावर ठक, ठक. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी माझ्यासमोर एक रुमाल आणून ठेवला. मग गोठ डाव्या हातात गेला आणि तिथलं घड्याळ निघालं. घड्याळ मोबाइलमध्ये आहेच.

मापाचं एक सांगते, कारण यात मैत्रिणीचे पैसे वाया गेले. बांगडीचं माप २-४ असं लिहितात ते दशांशातलं २.४ नव्हे. दोन इंच आणि चार आणे, म्हणजे आतून सव्वादोन इंच व्यास. २-६ म्हणजे दोन इंच आणि सहा आणे. तिने पट्टीने २.४ इंच मोजून २-४ मागवली, ती मुठीवरून उतरेचना. उघडमीट नसलेल्या कड्याचं माप मनगटावरून कधीच घेऊ नये, अंगठा आत दुमडून मुठीवरून घ्यावं. गुजरीतल्या त्या काकांनी माझी मूठ नुसती दाबून बघितली आणि माप सांगितलं.

आता माझा पराक्रम. सहाव्या महिन्यात गोठ जरा मळकट वाटायला लागला. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर खायचा सोडा, कडकडीत पाणी, हा चांदी चमकवायचा उपाय सगळ्यांनाच माहीत आहे आणि तो कामही करतो. चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी तिचा झालेला संयोग, आणि या भांड्यात तो उलटा फिरतो. पण वेलबुट्टीतला मुद्दाम धरलेला काळा रंगही त्याच जातीचा. फॉइलला दोन्हींतला फरक काय कळणार! तीन मिनिटांत गोठ स्टीलच्या वाटीसारखा पांढराफटक. नक्षी होती तिथेच होती, पण दिसेना. पुन्हा रंग धरून येईपर्यंत तीन आठवडे गेले, कालनिर्णयवरचे ते चौकोन ‘गो’शिवाय आहेत. ऑक्सिडाइज्ड दागिना फक्त कोरड्या मऊ कापडाने, तोही वरवर पुसा. साध्या चांदीला रिठ्याचं कोमट पाणी पुरतं.

दुसरी चूक लहान, पण डाग ठेवून गेली. ठुशी पिशवीत गुंडाळून वर रबरबँड लावला होता. रबरात गंधक असतं. महिन्याभराने मण्यांवर बरोबर त्या रेषेत काळा पट्टा. आता प्रत्येक दागिना वेगळ्या बंद पिशवीत आणि दमटपणा शोषायला प्रत्येकीत खडूचा एक तुकडा.

बोरमाळ ही माझी चुकीची खरेदी, यात कारागिराचा दोष नाही. चांदीवर सोन्याचा मुलामा, मणी पोकळ आणि आत लाख भरलेली. अकरा वेळा घातली, तेवढ्यातच मानेमागचे मणी फिके पडू लागले. मे महिन्यातलं एक लग्न आणि त्यातला घाम तिला बाधला असावा. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. अर्ध्या मायक्रॉनचा आणि अडीच मायक्रॉनचा मुलामा पहिल्या दिवशी सारखाच दिसतो, म्हणून विचारून घ्यावं लागतं. मी विचारलं नाही. लाखेचंही विचारून घ्या: भाव लावलेलं वजन लाखेसकट आहे की निव्वळ चांदीचं? हे मात्र मी विचारलं, आणि त्यांनी वेगळं लिहूनही दिलं. लाख असलेल्या दागिन्याला गरम पाणी दाखवायचं नाही, आत ती मऊ पडते. पण खरा प्रश्न रंगाचा होता. मला पिवळं शोभत नाही. माझे कपडे निळे, राखाडी, पांढरे. या सगळ्यांवर चांदी बोलते आणि सोनं पाहुण्यासारखं बसून राहतं. हे कपाटाचं दार उघडून दोन मिनिटांत कळलं असतं, पण कोल्हापुरात कपाट कुठून आणणार?

नथ दाबाची. नाक टोचलेलं नाही म्हणून. एकदा घसरून पंचामृतात पडली. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

हाताचं काम ओळखायचं कसं, हे बऱ्याच जणी विचारतात. मी दागिना उलटा करून बघते. साच्यात ओतलेल्या कामात दोन नग अगदी जुळे असतात, कडेला कधीकधी साच्याची रेघ सापडते. हातकामात मागे झाळ, म्हणजे जोड दिल्याची खूण, दिसते आणि एखादा मणी शेजाऱ्यापेक्षा केसभर लहान असतो. माझ्या कुड्यांतली डावी उजवीपेक्षा किंचित मोठी आहे. मला ते तिसऱ्या महिन्यात दिसलं, अजून दुसऱ्या कुणालाही दिसलेलं नाही. साच्याचं काम वाईट असतं असं नाही, फक्त हाताची घडणावळ लावून ते विकू नये.

शुद्धतेबद्दल थोडं. माझ्या वस्तूंवर नुसता ९२५ चा ठसा आहे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. असा ठसा कुणीही मारू शकतो. भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, त्रिकोणी खुणेचा हॉलमार्क वेगळा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक, देणं सुरू झालं, आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तेव्हा तरी चांदीला हे सोन्यासारखं सक्तीचं नव्हतं. म्हणूनच लहान कारागीर हॉलमार्क करून घेण्यात मागे राहिले. मी विश्वासावर घेतलं, पण बिलावर टंच, म्हणजे शुद्धता, आणि निव्वळ वजन लिहून घेतलं. याआधी ऑनलाइन एका पानावरून ‘ऑक्सिडाइज्ड चांदी’चे झुमके घेतले होते, ते जर्मन सिल्व्हर निघाले. त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने माझे कान आठवडाभर सुजले होते.

घडणावळीबद्दल मनाची तयारी ठेवा. ठुशीची घडणावळ चांदीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी पडली. मोडायला गेलात तर सोनार वजन धरतो, खडे वगळतो आणि मजुरी सोडून देतो. मला त्याचं काही वाटत नाही, कारण कुड्यांची मजुरी २१४ ने भागली की रोजची रक्कम एका कटिंग चहाहूनही कमी येते. नथीची दोनने भागून बघितली आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

बोरमाळ गेल्या महिन्यात वहिनीला दिली. ती हिरव्या, मोरपंखी, डाळिंबी रंगांतली बाई आहे, मान लांब. मागचे फिके मणी तिच्या केसांखाली झाकले जातात. तिच्या घरी कालनिर्णय दुधासाठीच वापरतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात आणि मोजायची सवय मला लागलीय. कालपर्यंत चौदा झाले.