शोधनिबंध लिहायला शिकवायचं: वर्गात की रंकाळ्याच्या काठावर?

टाइमटेबल लागायच्या आधी आमच्याकडे हा वाद ठरलेला असतो. शोधनिबंध लेखनाचे तास व्याख्यानांवर काढायचे, की प्रकल्प देऊन मुलांना लिहितं करायचं? कोल्हापुरात एमएस्सीच्या वर्गांवर मी दोन्ही करून बसलोय. यंदा ज्यांना ठरवायचंय, त्यांच्यासाठी हा हिशेब.

व्याख्यानं स्वस्तात पडतात. साठ मुलं, एक शिक्षक, पंधरा तास. तेवढ्यात प्रस्तावना-पद्धती-निरीक्षणं-चर्चा हा साचा सांगून होतो, संदर्भ कसे द्यायचे ते होतं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हेही होतं. पेपर काढणं सोपं, तपासणं सोपं. पण 'पद्धती भूतकाळात लिहावी' या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणारी मुलगी स्वतःच्या प्रयोगाचं लिहायला बसली की प्रॅक्टिकलच्या वहीतलं 'टेक टेन एमएल' (दहा मिली घ्या) असं आज्ञार्थी जसंच्या तसं उतरवते.

प्रकल्पात काय घडतं ते एका उदाहरणानेच सांगतो. रंकाळा तलावाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. यात बाटली भरली की काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालावं लागतं. तपकिरी साका बसला की ऑक्सिजन अडकला. एका गटाने बाटल्या तशाच स्कूटीच्या डिकीत टाकल्या. लॅबमध्ये पोचेपर्यंत पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन वापरायचं आपलं काम केलेलं. मसुद्यात एकच ओळ: 'नमुने प्रयोगशाळेत आणले.' शेजारच्या गटाला तो वाचायला दिला, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, 'किती वेळानं?' पद्धती कुणासाठी लिहायची, हे मला त्या दिवशी सांगावंच लागलं नाही.

त्या शेजारच्या गटाचा दुपारचा आकडा सकाळपेक्षा बराच जास्त आला. 'सर, चुकलंय जणू. परत करू?' चुकलं नव्हतं. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन वापरतं आणि ऊन चढलं की तयार करतं. यावर मुलं अर्धा तास मराठीत भांडली. ते भांडण आधी मराठीतच लिहून घेतलं आणि मग इंग्रजीत नेलं, तेव्हा 'चर्चा' नावाचा भाग पहिल्यांदा चर्चेसारखा वाटला.

आता खर्च. साठ मुलांचे पंधरा गट, प्रत्येकाचे तीन मसुदे, एकाला चाळीस मिनिटं धरली तरी तीस तास नुसत्या वाचनाचे. हे तास वर्कलोडमध्ये कुणी धरत नाही. शिवाय गटात लिहिणारा एकच असतो, बाकीचे नावापुरते. म्हणून मी प्रत्येकाकडून एक भाग स्वतंत्र घेतो आणि कुणी काय केलं हे शेवटी लिहायला लावतो. निबंध छापणारी बरीच जर्नलंही हे मागतात. आणि पावसाळ्यात हा घाट घालूच नका. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागली की शिरोळ-करवीरची निम्मी मुलं गावात अडकतात. ४३ ची धोका पातळी गाठली तर तास कसला आणि नमुने कसले.

त्यामुळे वर्ग मोठा असेल आणि शिकवणारे तुम्ही एकटेच असाल, तर जुलैच्या सत्रात मधला मार्ग घ्या: रोज जाहीर होणारी बंधाऱ्याची पातळी आणि पाऊस यांचे आकडे, एक आलेख, आठशे शब्द. लॅब नको, रसायनं नकोत, पुन्हा लिहायला वेळ उरतो. वीस-पंचवीस मुलं आणि मसुदे वाचणारा आणखी एक सहकारी असेल तर हिवाळ्यात पूर्ण प्रकल्प. नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदवीच्या चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा आहे. तिथे नुसत्या व्याख्यानांवर भागणार नाही.

निबंध छापून आणायची अट मात्र घालू नका. 'तीन दिवसांत स्वीकृती' अशा मेलना मुलं भुलतात, आणि यूजीसीने २०२५ मध्ये मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद केल्यापासून जर्नल पारखायचं काम आपल्याच गळ्यात आलंय.

प्रकल्प निवडलात तर पहिला मसुदा नमुने आणायच्या आधीच मागा: प्रस्तावना, पद्धती आणि निरीक्षणांच्या जागी रिकामा तक्ता. डिकीवाल्या गटाकडून मी तो मागितला नव्हता. मागितला असता, तर 'नमुना घेतल्याची वेळ' हा रकानाच त्यात नाही, हे तेव्हाच दिसलं असतं.